‘हाफ-कास्ट’ ही संज्ञा आणि ऑस्ट्रेलियातील आदिवासी कुटुंबांची ताटातूट

इंग्रजीतील ‘कास्ट’ हा शब्द मूळचा इंग्रजीचा नव्हे. सोळाव्या शतकात हिंदुस्थानच्या पश्चिम किनाऱ्यावर उतरलेल्या पोर्तुगीजांनी येथील ज्ञातिव्यवस्थेला आपल्या भाषेतील ‘कास्ता’ हा शब्द लावला. त्याचा मूळ अर्थ वंश, कूळ, आणि जनावरांच्या संदर्भात पैदास असा होता. इंग्रजांनी तो पोर्तुगीजांकडून उचलला आणि अठराव्या शतकाच्या अखेरीस, कंपनी सरकारच्या अमदानीत, युरोपीय पिता व हिंदी माता यांच्या अपत्याला उद्देशून ‘हाफ-कास्ट’ हा जोडशब्द रूढ झाला. तेथून तो ऑस्ट्रेलियातील ब्रिटिश वसाहतींत पोहोचला आणि अखेर कायद्याच्या व्याख्याकलमात जाऊन बसला. आज तो शब्द त्या देशात अपमानास्पद मानला जातो, व ते योग्यच आहे. तथापि इ. स. १८६९ पासून सुमारे १९७० पर्यंत मिश्रवंशीय आदिवासी मुलांना त्यांच्या मातांपासून काढून घेण्याचा जो व्यवहार चालला, त्याचे स्वरूप ह्या शब्दाला वगळून समजणे शक्य नाही. हा व्यवहार बहुतांशी दिवसाढवळ्या, शासकीय कागदपत्रांच्या आधारे आणि वेतनधारी अधिकाऱ्यांच्या हातून झाला. त्याला बळाइतकीच व्याख्यांचीही गरज होती.

ह्या मालिकेतील पहिला कायदा व्हिक्टोरिया वसाहतीचा. तेथील १८६९ च्या अधिनियमाने ‘आदिवासी संरक्षण मंडळा’ला आदिवासींच्या वास्तव्याविषयी, मजुरीविषयी आणि मुलांचा ताबा व शिक्षण यांविषयी नियम करण्याचा मार्ग मोकळा केला. त्याहून दूरगामी ठरला तो १८८६ चा अधिनियम. चौतीस वर्षांखालील ‘हाफ-कास्ट’ व्यक्तींनी आदिवासींच्या राखीव वसाहतींत राहू नये, अशी त्याची मुख्य तरतूद होती. वयाचा आकडा आणि रक्ताचा अंश ह्या दोन गोष्टींवर एकाच घरातील माणसांची विभागणी झाली. नवरा वसाहतीच्या आत आणि बायको बाहेर, आजी आत आणि नातवंडे बाहेर, असा प्रकार ह्या कायद्याने शक्य केला. मेलबर्नजवळच्या कोरँडर्क येथील वसाहतीचे उदाहरण ह्या संदर्भात बोलके आहे. १८६३ मध्ये वसलेल्या ह्या ठिकाणी आदिवासींनी स्वकष्टाने शेती उभी केली होती; मद्यनिर्मितीत लागणाऱ्या हॉप नावाच्या वेलीचे पीक ते घेत. जमीन हातची जाऊ नये म्हणून विल्यम बॅरॅक ह्या पुढाऱ्याच्या नेतृत्वाखाली त्यांनी सरकारकडे अर्जविनंत्या केल्या, शिष्टमंडळे नेली, आणि १८८१ मध्ये एक चौकशी समितीही बसली. त्या लढ्यातील तरुण, लिहिते-वाचते आणि कामाचे हात बहुधा मिश्रवंशीय होते. पाच वर्षांनी आलेल्या कायद्याने नेमके तेच बाहेर काढले गेले. मंडळाचा खर्च कमी झाला, वसाहत हातांवाचून खचली आणि १९२४ मध्ये ती बंद करण्यात आली. कायद्याचा हेतू मिश्रवंशीयांना ‘स्वावलंबी’ करण्याचा होता असे सांगितले जाई. जे स्वावलंबी होते त्यांच्याच पायाखालची जमीन काढून हा हेतू साधला गेला, हे नोंदविणे अगत्याचे आहे.

व्हिक्टोरियात ‘हाफ-कास्ट’ ठरणे म्हणजे आदिवासी नसणे होते. अन्यत्र त्याच शब्दाने उलट काम केले. क्वीन्सलंडचा १८९७ चा, पश्चिम ऑस्ट्रेलियाचा १९०५ चा व दक्षिण ऑस्ट्रेलियाचा १९११ चा अशा कायद्यांनी मिश्रवंशीयांना आदिवासींच्या बरोबरीने सरकारी देखरेखीखाली आणले. ह्या कायद्यांतील अधिकाऱ्याचे पदनाम ‘प्रोटेक्टर’, म्हणजे रक्षणाधिकारी, असे होते. पश्चिम ऑस्ट्रेलियात मुख्य रक्षणाधिकारी हा सोळा वर्षांखालील प्रत्येक आदिवासी व ‘हाफ-कास्ट’ मुलाचा कायदेशीर पालक ठरला; नॉर्दर्न टेरिटरीत १९१० च्या कायद्यान्वये ही मर्यादा अठरा वर्षांची आणि दक्षिण ऑस्ट्रेलियात एकवीस वर्षांची होती. आई जिवंत आहे, बाप जिवंत आहे, मुलाचे पोट भरते आहे, तरीही त्याचा पालक शेकडो मैलांवरील कचेरीत बसलेला एक अधिकारी, अशी ही योजना होती. जेम्स आयझडेल ह्या फिरत्या रक्षणाधिकाऱ्याने १९०९ च्या सुमारास आपल्या वरिष्ठांना कळविले की, आईचा त्या क्षणीचा आक्रोश कितीही असला तरी मूल वेगळे करण्यास आपण कचरणार नाही, कारण ह्या माता आपल्या पोरांना लवकरच विसरतात. हे विधान कोणत्याही निरीक्षणावर आधारलेले नव्हते. मुले लपवण्यासाठी माता काय काय करीत, याच्या साक्षी पुढे विपुल मिळाल्या. गोऱ्या वर्णाच्या लेकराच्या अंगाला कोळसा फासून ते काळे दिसावे अशी खटपट करणाऱ्या आयांचे उल्लेख त्यांत वारंवार येतात.

न्यू साउथ वेल्सची कथा थोडी निराळी आहे, कारण तेथे शब्दावरून उघड वाद झाला. १९०९ च्या अधिनियमानुसार मूल ताब्यात घेण्यासाठी ते ‘दुर्लक्षित’ असल्याचे न्यायाधीशापुढे सिद्ध करावे लागे. मंडळाला ही अट जाचक वाटली, कारण सिद्ध करता येईल असे दुर्लक्ष पुष्कळदा आढळतच नसे. १९१५ च्या दुरुस्तीने न्यायालयाचा अडसर दूर केला आणि मुलाच्या नैतिक वा शारीरिक हिताच्या दृष्टीने मंडळाला योग्य वाटले म्हणजे पुरे, असे ठरले. विधिमंडळातील चर्चेत मॅकगॅरी नावाच्या सभासदाने ह्या दुरुस्तीला विरोध केला व हे आईबापांपासून मूल चोरणे होय, असे स्पष्ट म्हटले. ‘चोरी’ हा शब्द अलीकडच्या इतिहासकारांनी मागाहून चिकटवला, असा आक्षेप घेणाऱ्यांनी ही नोंद पाहण्याजोगी आहे. ह्यानंतर मुली कूटामंड्रा येथील गृहात घरकामाच्या शिक्षणासाठी आणि मुलगे १९२४ पासून किंचेला येथील गृहात जाऊ लागले. किंचेलात मुलांना नावाऐवजी क्रमांकाने हाक मारीत. घरकामाला लावलेल्या मुलींच्या वेतनाचा मोठा भाग मंडळ आपल्याकडे ठेवून घेई. ताबा घेण्याचे कारण नोंदविण्याच्या रकान्यात काही व्यवस्थापकांनी केवळ ‘आदिवासी असल्यामुळे’ एवढेच लिहिलेले पीटर रीड ह्या इतिहासकाराला आढळले. कायद्याच्या लांबलचक वाक्यांचा इतका प्रामाणिक सारांश दुसरा कोणी केलेला नाही.

दोन महायुद्धांमधील काळात ह्या व्यवहाराला सिद्धान्ताचे रूप आले. ‘शुद्ध रक्ताचे’ आदिवासी काळाच्या ओघात नाहीसे होतील हे गृहीतच होते. प्रश्न होता तो वाढत्या मिश्रवंशीयांचा. त्यांच्यासाठी ‘क्वाड्रून’ व ‘ऑक्टरून’, म्हणजे चतुर्थांश व अष्टमांश रक्ताचे, ह्या अमेरिकेतील गुलामगिरीच्या प्रदेशांत रुळलेल्या संज्ञा ऑस्ट्रेलियाच्या कचेऱ्यांत वापरात आल्या. अपूर्णांकांचे हे गणित राज्यघटनेच्या अर्थनिर्णयातही शिरले होते. १९०१ च्या घटनेतील १२७ व्या कलमानुसार लोकसंख्या मोजताना आदिवासींना गणायचे नव्हते. पण ‘हाफ-कास्ट’ हे त्या कलमाच्या अर्थाने आदिवासी नव्हेत, असा निर्वाळा त्याच वर्षी ॲटर्नी-जनरलने दिला. आई मोजली जात नसे, लेकरू मोजले जाई. हे कलम १९६७ च्या सार्वमताने रद्द झाले.

पश्चिम ऑस्ट्रेलियाचे ए. ओ. नेव्हिल (कारकीर्द १९१५ ते १९४०) आणि नॉर्दर्न टेरिटरीचे डॉ. सेसिल कुक (१९२७ ते १९३९) हे दोघे ह्या सिद्धान्ताचे प्रमुख पुरस्कर्ते. पाचव्या-सहाव्या पिढीपर्यंत आदिवासी वंशाची सर्व लक्षणे पुसून जातील, असा कुक यांचा हिशेब होता. एप्रिल १९३७ मध्ये कॅनबेरा येथे राज्यांच्या आदिवासी खात्यांची परिषद भरली आणि पूर्ण रक्ताच्या नसलेल्या आदिवासींचे भवितव्य गोऱ्या समाजात अंतिमतः विलीन होण्यातच आहे, असा ठराव तिने केला. तत्पूर्वी एकच वर्ष, १९३६ च्या कायद्याने, नेव्हिल यांच्या हाती मिश्रवंशीयांचे पालकत्व एकवीस वर्षांपर्यंत आले होते आणि त्यांच्या विवाहांना अनुमती देण्याचा वा नाकारण्याचा अधिकारही आला होता. १९४७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्यांनी आजी, मुलगी व नातू यांचे एकत्र छायाचित्र छापले. तीन पिढ्यांत वर्ण कसा उजळत गेला हे त्यांना दाखवायचे होते. ज्या कुटुंबाची तीन माणसे एका चौकटीत उभी आहेत तेच चित्र कुटुंबे तोडण्याच्या धोरणाचा पुरावा म्हणून पुढे केले गेले, ह्यातील विसंगती ग्रंथकर्त्याच्या ध्यानी आलेली दिसत नाही.

धोरणाचा माणसांवर काय परिणाम झाला याचे एक उदाहरण जिगलाँगचे आहे, आणि ते १९९६ मध्ये डॉरिस पिल्किंग्टन ह्या लेखिकेने ग्रंथबद्ध केल्यामुळे जगाला ठाऊक झाले. १९३१ मध्ये जिगलाँग येथून मॉली, डेझी व ग्रेसी ह्या तीन मुलींना नेव्हिल यांच्या हुकुमाने दूर दक्षिणेस मूर रिव्हर येथील वसाहतीत आणण्यात आले. सशांचा उपद्रव रोखण्यासाठी घातलेल्या लांबच लांब कुंपणाच्या आधाराने त्या मुली सुमारे सोळाशे किलोमीटर चालत परत निघाल्या. ग्रेसी वाटेत पकडली गेली. मॉली व डेझी घरी पोहोचल्या. ह्या प्रसंगावर २००२ मध्ये चित्रपट निघाला व तो गाजला. पण चित्रपटाच्या मुख्य कथेबाहेर राहिलेला उत्तरार्ध अधिक विदारक आहे. मॉली मोठी झाली, तिचे लग्न झाले, आणि १९४० मध्ये शस्त्रक्रियेनिमित्त पर्थला आणल्यावर तिची व तिच्या दोन्ही मुलींची रवानगी पुन्हा मूर रिव्हरलाच झाली. पुढल्या वर्षी ती दुसऱ्यांदा पळाली. दोघींना उचलून नेणे अशक्य होते. तान्ह्या ॲनाबेलला तिने कडेवर घेतले आणि थोरली डॉरिस मागे राहिली. काही वर्षांनी ॲनाबेललाही सरकारने नेले, ते गोऱ्या वर्णाच्या मुलांसाठी १९३३ मध्ये निघालेल्या ‘सिस्टर केट्स’ ह्या गृहात. मॉली २००४ मध्ये वारली. ॲनाबेलची व तिची भेट पुन्हा झाली नाही. मागे राहिलेली डॉरिस ती हीच ग्रंथकर्त्री.

येथवर विवेचन राज्यकर्त्यांच्या शब्दांचे झाले. ज्यांची मुले नेली गेली त्यांच्या भाषांत ह्या मुलांसाठी कोणते शब्द होते, हा प्रश्न इतिहासकारांकडून पुष्कळदा राहून जातो. पश्चिमी वाळवंटाच्या बोलींचे उदाहरण घेऊ. पिचन्चचारा व यान्कुञ्चाचारा ह्या त्यांपैकी दोन परस्परनिकट बोली होत. त्यांत आईला ‘ङुञ्चु’ म्हणतात आणि आईच्या बहिणीलाही ‘ङुञ्चु’च म्हणतात. (शब्दारंभीचा ‘ङ’ मराठी जिभेला अपरिचित असला तरी देवनागरी लिपीला तो अवघड नाही, रोमन लिपीत त्यासाठी दोन अक्षरे खर्चावी लागतात.) वडिलांसाठी ‘मामा’ हा शब्द आहे, व वडिलांच्या भावासाठीही तोच. मराठी वाचकाची येथे क्षणभर फसगत होईल. आपण ज्याला मामा म्हणतो त्याला तेथे ‘कामुरू’ म्हणतात आणि आत्येला ‘कुण्टिली’. अशा व्यवस्थेत मुलाला एकाहून अधिक आया व एकाहून अधिक बाप असतात, आणि जन्मदाता गोरा असला तरी आईचा आदिवासी पती बहुधा त्या मुलाचा ‘मामा’ होई. नात्याच्या ह्या शब्दांत रक्ताच्या अंशाची नोंद नसते. मूल अमक्याचे भाचे असते, तमक्याचे नातवंड असते. ‘अर्धे’ मूल त्यात बसतच नाही. मिश्रवंशीय मुलांना तेथे कधीच दुजाभाव सोसावा लागला नाही असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. परंतु ‘दोन्ही समाजांनी टाकलेले पोर’ हे जे चित्र सरकारी अहवालांत पानोपानी रंगविले गेले, त्याला ह्या भाषांच्या नातेवाचक शब्दसंग्रहात आधार सापडत नाही. आई काही काळ दृष्टीआड असून मूल मावशीजवळ आहे, असे अधिकाऱ्याला दिसले की तो ‘दुर्लक्षित’ असे लिही. त्या मुलाच्या भाषेत ते आईजवळच होते.

म्हणूनच वसतिगृहांत मातृभाषेला बंदी असणे ही आनुषंगिक बाब मानता येत नाही. मूर रिव्हरमध्ये इंग्रजीतच बोलण्याची सक्ती होती. फिलिप क्रीक येथून १९४७ मध्ये डार्विनच्या रेटा डिक्सन गृहात नेलेल्या लॉर्ना क्युबिलो यांनी, आपली भाषा बोलल्याबद्दल मार बसल्याची साक्ष पुढे न्यायालयात दिली. भाषा गेली की नात्यांची नावे जातात, आणि नावे गेली की कोणाकडे परत जावयाचे हेच कळेनासे होते. युरोपीय वसाहतीच्या आरंभी, १७८८ मध्ये, त्या खंडात अडीचशेहून अधिक भाषा होत्या. २०२० च्या राष्ट्रीय अहवालानुसार वापरात असलेल्या भाषा १२३ भरल्या व त्यांपैकी अवघ्या बारा सुस्थितीत होत्या. ह्या ऱ्हासाची कारणे अनेक आहेत. रोगराई, कत्तली व जमिनीवरून हुसकावणी ही त्यांत अग्रणी. मुलांची ताटातूट हे असे कारण आहे की ज्यात भाषा बोलणारी आई जिवंत असूनही भाषा खंडित झाली.

दुसऱ्या महायुद्धानंतर वंशवाचक शब्द सरकारला अडचणीचे वाटू लागले. न्यू साउथ वेल्सच्या मंडळाचे ‘संरक्षण’ १९४० मध्येच ‘कल्याण’ झाले होते. नॉर्दर्न टेरिटरीच्या १९५३ च्या कल्याणविषयक वटहुकमात तर ‘आदिवासी’ हा शब्दच नाही. ज्याची राहणी, वर्तन व सहवास पाहता त्याला विशेष देखभालीची गरज आहे अशा व्यक्तीला ‘वॉर्ड’, म्हणजे पाल्य, घोषित करावे एवढेच त्यात म्हटले होते. मात्र ज्याला मताधिकार आहे त्याला पाल्य ठरवता येत नसे. मताधिकार कोणाला नव्हता हे सर्वांना ठाऊक होते. १९५७ मध्ये पाल्यांची नोंदवही राजपत्रात प्रसिद्ध झाली, तिला लोक उपहासाने घोड्यांच्या पैदाशीची वंशावळ म्हणत. अधिकाऱ्यांतही सर्वांचे मन मेले होते असे नाही. टेड इव्हान्स ह्या गस्ती अधिकाऱ्याने डिसेंबर १९४९ मध्ये वेव्ह हिल येथून मुले विमानाने हलविल्यानंतर, असे हृदयद्रावक प्रसंग पुन्हा पाहण्याची वेळ आपणांवर येऊ नये, असे आपल्या अहवालात लिहिले. असे लेखी पुरावे असताना, त्या काळी ह्यात कोणाला काही वावगे वाटत नव्हते, हा युक्तिवाद टिकत नाही.

‘संमती’ हा ह्या उत्तरकाळातील कळीचा शब्द. १९५६ मध्ये युटोपिया येथील पीटर गनर ह्या बालकाला ॲलिस स्प्रिंग्जच्या सेंट मेरीज वसतिगृहात आणले गेले. त्याच्या धारिकेत आईच्या संमतीचा इंग्रजी कागद होता. मुलगा अंशतः युरोपीय रक्ताचा असून ‘कास्ट’मुळे त्याला युरोपीय पद्धतीच्या शिक्षणाचा हक्क पोहोचतो, अशा आशयाचा मजकूर आईच्या तोंडी घातलेला, आणि खाली अंगठ्याचा ठसा. हिंदी महासागर ओलांडून गेलेला तो शब्द येथे एका निरक्षर मातेच्या नावावर खपविलेला दिसतो. गनर व क्युबिलो यांनी राष्ट्रकुल सरकारवर लावलेल्या दाव्याचा निकाल ऑगस्ट २००० मध्ये लागला आणि तो त्यांच्या विरुद्ध गेला. ठसा तिचाच होता काय व मजकूर तिला समजला होता काय, हे सांगणारे कोणी उरले नव्हते; न्यायालयाने कागदाला दर्शनी मूल्य दिले. सहीअंगठ्याच्या कागदांशी ज्यांचा परिचय आहे अशा आपल्याकडील वाचकांना ह्यावर भाष्याची गरज वाटणार नाही.

ब्रूस ट्रेव्होरो यांचा दावा मात्र यशस्वी झाला. दक्षिण ऑस्ट्रेलियातील हे तेरा महिन्यांचे मूल १९५७ च्या नाताळच्या दिवशी पोटदुखीसाठी ॲडलेडच्या इस्पितळात नेले गेले, आणि दोन आठवड्यांच्या आत एका गोऱ्या कुटुंबाकडे सोपविण्यात आले. आईने काही महिन्यांनी पत्र पाठवून बाळ कसे आहे व घरी कधी येईल, असे विचारले. त्यावर त्याचे उपचार अजून चालू असल्याचे उत्तर तिला मिळाले. २००७ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांना ५,२५,००० डॉलर भरपाई दिली. अशा रीतीने मूल घेण्याचा अधिकार आपणांस नाही, असा कायदेशीर सल्ला खात्याला आधीच मिळालेला होता, हे त्या खटल्यात उघड झाले. पुढल्याच वर्षी ट्रेव्होरो वारले.

‘स्टोलन जनरेशन्स’, म्हणजे चोरलेल्या पिढ्या, हा शब्दप्रयोग पीटर रीड यांच्या १९८१ च्या पुस्तिकेने रूढ केला. १९९७ मध्ये सर रोनाल्ड विल्सन व मिक डॉडसन यांच्या नेतृत्वाखालील राष्ट्रीय चौकशीचा अहवाल आला. ५३५ आदिवासींच्या साक्षींवर आधारलेल्या ह्या अहवालाने, १९१० ते १९७० या काळात दहांत एक ते तिनांत एक ह्या प्रमाणात मुले काढून घेतली गेली, असा निष्कर्ष काढला. वरचा आकडा फुगलेला आहे अशी टीका झाली व तीत काही तथ्यही आहे; पण खालचा आकडा घेतला तरी ज्याचे कोणी ना कोणी गेले नाही असे कुटुंब विरळाच राहते. १३ फेब्रुवारी २००८ रोजी पंतप्रधान केव्हिन रड यांनी संसदेत राष्ट्राच्या वतीने क्षमा मागितली.

शब्दाविषयीचा वाद आदिवासी समाजातही आहे. लोविजा ओडोनाह्यू ह्या १९९० ते १९९६ या काळात आदिवासींच्या राष्ट्रीय आयोगाच्या अध्यक्ष होत्या. दोन वर्षांच्या असताना त्या कोलब्रुक गृहात आल्या. त्यांची जन्मतारीख मिशनऱ्यांनी ठरविली, नाव बदलून ‘लोइस’ केले, आणि स्वतःची भाषा बोलण्याची वा कुळाची विचारपूस करण्याची तेथे मुभा नव्हती. २००१ मध्ये त्यांनी स्वतःपुरता ‘चोरलेली’ याऐवजी ‘काढून नेलेली’ हा शब्द पसंत केला, कारण मुलांना मिशनऱ्यांच्या हवाली करण्यात त्यांच्या आयरिश पित्याचा हात असावा. काही वृत्तपत्रांनी ह्याला कबुलीजबाब ठरविले. वस्तुतः पित्याने दिले असले तरी आईने दिले नव्हते, आणि आईला विचारावे असे कोणत्याही कायद्यात लिहिलेले नव्हते. तीस वर्षांहून अधिक काळानंतर ऊडनाडाटा येथे त्यांची व आईची भेट झाली. आईची भाषा यान्कुञ्चाचारा होती, आणि लेकीला ती येत नव्हती.